कुठल्याच खोलीत नसलेली खिडकी

दुधाचा कॅन फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात ठेवल्यावर शरयूच्या लक्षात आलं की हा फ्रिज आपला नाही. वरच्या फळीवर बेकनचं पाकीट होतं, शेजारी बिअरच्या बाटल्या होत्या, आणि जिथे कालच्या वरणाचं पातेलं असायला हवं होतं तिथे एक अख्खं कलिंगड बसलं होतं. ती दार धरून तशीच उभी राहिली. ओटा तोच, ओव्हन तोच, पायाखालचं फिकट बदामी कार्पेट तेच, खिडकीच्या पट्ट्यांमधून येणारं सकाळचं ऊनही त्याच कोनातून येत होतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी व्हॅक्यूम क्लीनर फिरवत होतं. तिने कॅन परत उचलला, फ्रिजचं दार दोन बोटांनी हळूच लावलं आणि आली तशी बाहेर पडली. शेजाऱ्यांचं दार उघडंच होतं. किराणा हातात घेऊन, डोक्यात भलतंच काही घोळवत ती सरळ आत शिरली होती. बाहेर फूटपाथवर आल्यावर आधी तिला हसू फुटलं. ओळीतली सगळी टाउनहाउसेस एकसारखी तिच्याकडे बघत होती. मग हसण्याच्या खाली काहीतरी टोचायला लागलं. घरांचे आराखडे काढायला शिकलेली आपण, पुण्यात त्याच कामाची नोकरी केलेली, आणि आपल्याला आपलं घर ओळखता येऊ नये? डब्लिनला येऊन तिला चार वर्षं होत आली होती. ओहायोतलं हे डब्लिन, कोलंबस शहराच्या कडेचं. सत्यजित एका इन्शुरन्स कंपनीत प्रोग्रॅमर होता आणि तिचा व्हिसा त्याच्या व्हिसाला जोडलेला. राहायची परवानगी होती, कमवायची नव्हती. पेन्सिली बेसमेंटमधल्या कुठल्याशा खोक्यात होत्या.

संध्याकाळी सांगितल्यावर सत्यजित हातातला घास ताटात ठेवून हसत सुटला. ''अगं, ट्रेसपासिंग आहे हे! कुणी पोलिसांना नाइन-वन-वन केलं असतं तर? मी काय सांगणार होतो, बायको दूध ठेवायला गेली होती?'' सहा वर्षांच्या सावनीने फक्त एवढंच विचारलं, ''ममा, डिड यू ईट देअर वॉटरमेलन?'' तिघंही हसली. पण भांडी डिशवॉशरमध्ये लावताना शरयूला भुसावळचं क्वार्टर आठवलं. वडील, राजाराम, असिस्टंट स्टेशन मास्तर. दर तीन-चार वर्षांनी बदली. भुसावळ, बडनेरा, वर्धा. गावं बदलायची, पण क्वार्टर तेच. साहेबाच्या काळात एकदाच कागदावर काढलेलं आणि मग रुळांच्या कडेने गावोगाव बांधत नेलेलं. जाड विटांच्या भिंती, उंच छत, छताजवळ एका दांड्यावर फिरणारं काचेचं व्हेंटिलेटर आणि त्याची खाली सोडलेली दोरी. तिथे घरं एकसारखी असण्याचा त्रास होत नव्हता. उलट नव्या गावातल्या पहिल्या अंधारात हात आपोआप बटणावर पडायचा आणि वाटायचं, आपण कुठे गेलोच नाही. दुपारी व्हेंटिलेटरमधून उन्हाचा एक चौकोन भिंतीवर उतरायचा, सरकत सरकत पलंगावर यायचा, मग फरशीवरून दाराबाहेर निघून जायचा. आई झोपलेली असायची आणि ती त्या चौकोनाच्या मागे मागे सरकत जायची. आपण आर्किटेक्ट झालो त्याला तो चौकोन जबाबदार, असं तिला कॉलेजात वाटायचं, कुणाला सांगायची मात्र लाज वाटायची. इथे चार वर्षांत ऊन घरात कुठून येतं आणि कुठे जातं हे आपण एकदाही पाहिलं नाही, हे तिला डिशवॉशरचं दार लावताना कळलं. तेच ते टोचणारं होतं.

दुसऱ्या दिवशी सत्यजितला ऑफिसात आणि सावनीला शाळेत सोडून ती घरी वळलीच नाही. हायवे धरून शहराकडे गेली. कोलंबसच्या मध्याजवळ एका मोठ्या बागेच्या कडेला व्हिक्टोरियन व्हिलेज नावाची जुनी वस्ती आहे हे तिने ऐकलं होतं, पण मॉलच्या वाटेवर ती नव्हती म्हणून पाहिली नव्हती. गाडी लावून ती चालायला लागली आणि जरा वेळाने आपला चेहरा आपोआप हसरा झालाय असं तिला जाणवलं. एक घर दुसऱ्यासारखं नव्हतं. कुणी कोपऱ्यावर मनोरा चढवलेला, कुणी भिंतीतून अर्धगोल खिडक्या बाहेर काढलेल्या, कुणाच्या ओसरीच्या खांबांना लाकडी झालर, कुणाच्या छपरावर माशाच्या खवल्यांसारख्या पाट्या. जरा जास्तच नटलेली, लग्नघरातल्या मावश्यांसारखी घरं. एका लाल विटांच्या घरापुढे मात्र ती थबकली. बाजूच्या भिंतीवर, दोन मजल्यांच्या मधोमध, एक उंच अरुंद खिडकी होती. रंगीत काचेची, पण काळवंडलेली, मिटल्या डोळ्यासारखी. खालच्या मजल्याची म्हणावी तर फार उंच, वरच्याची म्हणावी तर फार खाली. शरयू मान वर करून मनातल्या मनात खोल्या मांडायला लागली. जिना असेल. पण जिना तर पुढच्या बाजूला आहे, दारावरच्या काचेतून त्याचा कठडा दिसतोय.

''तुम्ही काउंटीच्या ऑफिसातून आलात का?'' ओसरीवरून आवाज आला. ''घरपट्टी वाढवायची असेल तर आधी छप्पर बघा. गळतं ते.''

वेताच्या खुर्चीत एक उंच, हाडकुळी म्हातारी बसली होती. मांडीवर शेंगांची परात, हातात सोलायची शेंग. शरयू गडबडली. ''नाही, नाही. मी फक्त खिडकी बघत होते. ती कुठल्या खोलीची आहे?''

''कुठल्याच नाही,'' म्हातारी म्हणाली. ''नुसती शोभेची. माझे वडील तसंच सांगायचे. या, वर या. शेंगा सोलता येतात?''

तिचं नाव ओटिली ब्रँट, पण सगळे तिला टिली म्हणत. ती इंग्रजीतच बोलायची, तरी शरयूच्या मनात ते सगळं मराठीतच उतरायचं. कारण तिचे चिमटे, तिचं ''बसा हो'', तिचं मध्येच थांबून दुसरंच विचारणं, सगळं भुसावळच्या कुठल्याही काकूसारखं होतं. टिलीच्या आजोबांनी घर बांधलं अठराशे एक्याण्णव साली. बग्ग्यांना चामड्याच्या गाद्या करून द्यायचा त्यांचा धंदा होता. शहरात तेव्हा बग्ग्यांचे कारखानेच कारखाने. मग मोटारी आल्या. आजोबांनी घोड्यांवरचा विश्वास सोडला नाही आणि धंदा बसला. एकोणीसशे तिसाच्या आसपास टिलीच्या वडिलांनी वरचा मजला भाड्याने दिला, मोलकरणीला निरोप दिला, आणि पुढे दिवस बरे आल्यावर वरचा मजला परत घरात घेतला. टिली याच घरात जन्मली, इथूनच नवऱ्याच्या घरी गेली, विधवा झाल्यावर इथेच परत आली. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. पुढच्या वळणाच्या जिन्यावरून गेल्या वर्षात दोनदा पडली होती, तेव्हापासून दिवाणखान्यातल्या कोचावर झोपत होती. ''वरचा मजला आता माझ्यासाठी परदेश आहे,'' ती म्हणाली. ''ग्रेगने, माझ्या मुलाने, वृद्धांच्या वसाहतीत जागा बघितली आहे. ऑक्टोबरअखेर जायचं. वाईट मुलगा नाही तो. घाबरतो फक्त.'' जिन्यावर खुर्ची सरकवणारं यंत्र बसवायला माणूस येऊन गेला होता, पण वळण इतकं अरुंद की बसत नाही म्हणाला. आजोबांचा अक्रोडाचा जिना कापायला टिली तयार नव्हती. ''मला त्या जिन्यानेच पाडलं, पण म्हणून त्याला कापायचं?''

''मी घराचं ड्रॉइंग काढू का?'' शरयूने विचारलं. विचारल्यावर स्वतःच दचकली. ''मी आर्किटेक्ट आहे. म्हणजे होते. पैसे नकोत, घेताही येत नाहीत मला.''

टिलीने शेंग परातीत टाकली. ''काढा. कागदावर तरी राहू दे.''

सप्टेंबर असा गेला की शरयूला पुढे आठवताना त्याचा फक्त वास आठवायचा: जुन्या लाकडाचा, मेणाचा आणि टिलीच्या सफरचंदाच्या केकमधल्या दालचिनीचा. पहिल्या दिवशी हाताने दगा दिला. रेघ थरथरली, पेन्सिल जड वाटली, आणि तिला वाटलं की हे नाचणं सोडून दिलेल्या बाईने पुन्हा घुंगरू बांधण्यासारखं झालं, कुणी बघू नये. टिली बघतच होती, शिवाय सूचनाही करत होती. मग केव्हातरी हात आपला आपण चालायला लागला. घर तिला वाचता यायला लागलं. पुढच्या दारातून आलेला पाहुणा कुठपर्यंत यावा, हे घर न बोलता सांगत होतं. अनोळखी माणूस दारातल्या दालनात थांबेल. ओळखीचा पुढच्या दिवाणखान्यात. जवळचा असेल तर भिंतीच्या पोटात सरकणारी दारं उघडून त्याला आतल्या दिवाणखान्यात घेतील. आणि फारच जवळचा असेल तर जेवणघर. स्वयंपाकघर मात्र सगळ्यांपासून दूर, घराच्या शेपटाला. प्रत्येक दाराच्या वर एक उघडणारी काच होती, आणि ती उघडायला लोखंडी दांडी. शरयूने पहिली दांडी वर ढकलली तेव्हा तिच्या हाताला व्हेंटिलेटरची दोरी आठवली. बडनेऱ्याचं क्वार्टर आणि हे घर एकाच काळातले चुलतभाऊ होते. आणि त्या क्वार्टरच्या मागेही एक गल्ली होती, जिच्यातून फक्त सफाईवाली यायची. आई तिला मागच्या दारातूनच पाणी द्यायची, पुढच्या दाराने ती कधीच आली नाही. लहानपणी शरयूला ती घराचाच भाग वाटायची, भिंत असते तशी गल्ली असते. आता टिलीच्या स्वयंपाकघरात टेप धरून उभी असताना तिच्या मनात आलं, इथली मोलकरीण कुठून जात-येत असेल? पुढच्या अक्रोडी जिन्यावरून कोळशाची बादली घेऊन तर नक्कीच नाही.

घोटाळा त्याच दुपारी सुरू झाला. बाहेरून मोजलेली घराची लांबी आणि आतल्या खोल्या-भिंतींची बेरीज जुळेना. जेवणघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये जवळजवळ एक वाव, पसरलेल्या दोन हातांएवढी, जागा हरवत होती. तिने पुन्हा मोजलं, पुन्हा हरवली. घरी येताना गाडीत ती स्वतःवरच चिडली होती. चार वर्षांत साधी बेरीज विसरलो. आपल्याला आता दुधाचा कॅनच सांभाळता येतो, तोही दुसऱ्याच्या फ्रिजमध्ये. सत्यजितने कागद बघितले, डोकं खाजवलं आणि त्याच्या ऑफिसातल्या आवाजात म्हणाला, ''यार, तुझं लॉजिक बरोबर दिसतंय. बग डेटात असेल. संडेला सगळे जाऊ, मी टेपचं दुसरं टोक धरतो.''

रविवारी ती तिघं गेली. टिलीने सावनीला सरकती दारं दाखवली आणि सावनीने ती पुढे-मागे करून घर दणाणून सोडलं. सत्यजितने टेप धरली, आकडे स्वतः मोठ्याने वाचले. जागा हरवलेलीच होती.  मग त्याने जेवणघराच्या भिंतीवर बोटाने टकटक केली. घट्ट. थोडं पुढे. घट्ट. पुढे, चिनी मातीच्या बशांच्या कपाटाशेजारी, आवाज बदलला, पोकळ, डब्यासारखा.  शरयू धावत बाहेर अंगणात गेली आणि वर पाहिलं. ती काळवंडलेली खिडकी बरोबर त्या जागेच्या वर होती.

''टिली,'' ती परत येऊन म्हणाली, ''ही खिडकी शोभेची नाही. इथे जिना आहे. मागचा जिना, मोलकरणीचा. वरचा मजला भाड्याने दिला तेव्हा भिंतीआड बंद करून टाकलेला असणार.''

टिली खुर्चीत बसली.  सावनीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा तिचा चेहरा अगदी लहान मुलीसारखा झाला होता. ''मी तीन-चार वर्षांची असेन,'' ती म्हणाली. ''जेवायला बसलं की भिंतीतून कुणीतरी चालायचं. धप, धप, धप. भाऊ सांगायचा, भिंतीत भूत आहे. मी आजीला सांगितलं तर ती हसली. मग एक दिवस ते चालणं थांबलं, आणि मला वाटलं, भूत गेलं.'' ती थांबली. ''बर्टा नाव होतं तिचं. मोलकरणीचं. ती काम सोडून गेली त्याच सुमाराला.'' मग एकदम हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ''सत्तर वर्षं मी बर्टाला भूत समजत होते!''

ग्रेग पुढच्या शनिवारी करवत घेऊन आला. पन्नाशीचा, जाडसर, कपाळावर कायम एक आठी. शाळेत गणित शिकवायचा. त्याला हे सगळं फारसं आवडलेलं नव्हतं, ते दिसतच होतं. ''मॉम, ऑक्टोबर ठरलाय,'' तो सांगत होता. ''भिंत फोडून मिळणार काय?'' टिलीने बोटाने भिंत दाखवली. शरयूला त्याची बाजू कळत होती, म्हणूनच तिला भीती वाटत होती. आत काहीच नसलं तर? पाइप असले, नुसती पोकळी असली तर? मग या बाईला आपण उगाच आशा लावली, तीही परवानगी नसलेल्या हाताने. करवत फिरली, धूळ उडाली, पांढऱ्या प्लास्टरचे तुकडे पडले, त्यामागच्या लाकडी पट्ट्या कडाकड मोडल्या. ग्रेगने टॉर्च आत घातला, डोकं आत घातलं, आणि आतूनच त्याचा आवाज आला. ''ओ माय.''

जिना होता. सरळसोट, एकही वळण नसलेला, उभा आणि रुक्ष, कठड्याच्या जागी नुसती दांडी. पायऱ्यांच्या मधोमध पावलांनी खड्डे पाडलेले. ग्रेग चढून गेला, आतल्या बाजूने खिडकीवर ठोकलेल्या फळ्या त्याने एकेक करून उचकटल्या, आणि मग ते झालं ज्याची शरयूने कल्पनाच केली नव्हती. दुपारचं ऊन काचेतून आत आलं. निळा, मधाचा, आणि एक गर्द डाळिंबी, सगळे रंग धुळीत तरंगत पायरी पायरी उतरत खाली आले आणि जेवणघराच्या उंबऱ्याशी थांबले.  शरयूला वाटलं, आजोबांनी ही काच रस्त्यासाठी लावली होती, घर बाजूने ओकंबोकं दिसू नये म्हणून. आत कोण जातंय याचा त्यांनी विचारही केला नसेल. आणि तरी या घरातले सगळ्यांत सुंदर रंग रोज दुपारी कोळशाची बादली घेऊन चढणाऱ्या बर्टालाच मिळत होते. तिला ते आवडत असतील का? की पाय दुखत असताना रंगांकडे कोण बघतं? शरयूला ठरवता येईना. बडनेऱ्याच्या मागच्या गल्लीत ऊन कसं पडायचं ते आपल्याला माहीतच नाही, एवढंच तिला समजलं.

ग्रेग खाली आला तेव्हा त्याच्या केसांत प्लास्टर होतं आणि कपाळावरची आठी नव्हती. त्याने जिन्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग शरयूकडे. ''हा सरळ आहे,'' तो म्हणाला.

''हो,'' शरयू म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, ठाम, कामावरचा. ''रुंदी पुरते. खुर्ची बसेल. पुढच्या जिन्याला हात लावायची गरज नाही. वरचं बंद तोंड उघडायचं, आणि खाली उतरायची जागा थोडी मोठी करावी लागेल, त्यासाठी बशांचं कपाट हलवायचं. मी काढून दाखवते.''

तिने काढून दाखवलं. यंत्रवाला पुन्हा आला आणि या वेळी मान हलवून गेला, होकाराची. शहराच्या परवानगीसाठी परवाना असलेल्या आर्किटेक्टची सही लागत होती. ग्रेगच्या ओळखीच्या एकाने कागद तपासले, दोन जागी खुणा केल्या, त्यातली एक चूक शरयूची होती आणि एक नव्हती, आणि सही केली. पण कोपऱ्यातल्या चौकटीत, मोजणी आणि आरेखन कुणाचं तिथे, त्याने तिचं नाव तसंच ठेवलं. परवानगी हातात आली तेव्हा सत्यजितने कागद उलटसुलट करून नाव तीनदा वाचलं आणि म्हणाला, ''स्पेलिंग बरोबर आहे! इथे आल्यापासून पहिल्यांदा कुणी तुझं स्पेलिंग बरोबर लिहिलंय.'' ''मीच लिहिलंय ते,'' ती म्हणाली, आणि दोघंही किती वेळ हसत राहिली.

ऑक्टोबरअखेर टिली गेली, पण वसाहतीत नाही, वर. खुर्ची घुर्र आवाज करत निघाली तेव्हा ती राणीसारखी ताठ बसली होती, मांडीवर पर्स. गल्लीतले लोक जेवणघरात गोळा झाले होते, शरयूने बटाटेवडे आणले होते, आणि ते संपवण्यात ग्रेगचा वाटा मोठा होता. वर पोहोचल्यावर टिली बराच वेळ दिसली नाही. कपाटं उघडल्याचे आवाज आले, मग गुणगुणणं, मग एका खोलीतून दुसरीत जाणारी सावकाश पावलं. ग्रेग जिन्याच्या तोंडाशी उभा राहून ऐकत होता. ''मी हिला घेऊन जाणार होतो,'' तो शरयूला हळूच म्हणाला, आणि एकदम वळून वड्यांच्या ताटाकडे गेला.

समोरच्या घरातले एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ केव्हापासून तिच्या आसपास घुटमळत होते. अखेर त्यांनी धीर केला. त्यांचंही घर त्याच काळातलं. त्यांच्या वरच्या मजल्यावर एक कपाट आहे, हिवाळ्यात ते आतून गरम असतं, कुणालाच कारण सापडत नाही. ती येऊन एकदा बघेल का? ''मंगळवारी टेप घेऊन येते,'' शरयूच्या तोंडून निघून गेलं. तिने सत्यजितकडे पाहिलंसुद्धा नाही.

परतताना हायवेवर झाडं लाल-पिवळी झाली होती. सावनी मागच्या सीटवर झोपली होती, तोंडाला चटणी तशीच.  मग सत्यजित रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, ''मंगळवारी मी ऑफिसातल्या रवीबरोबर कारपूल करतो. गाडी तू ठेव.''

शरयूने काच थोडी खाली केली. गार वारा आत आला.

''बुधवारीही लागेल,'' ती म्हणाली.